बॅटरीवरचा पीए स्पीकर, दहा महिने वापरून

मी पेटीवर अभंग, नाट्यगीतं म्हणतो, एकटाच, तानपुरा मोबाईलवर. कार्यक्रम सगळे मालवण-कुडाळ-वेंगुर्ल्याकडचे, कोणाच्या खळ्यात, देवळात, नाहीतर तारकर्लीला होमस्टेवर. आधीचा 15 इंची पीए, म्हणजे कार्यक्रमात आवाज लोकांपर्यंत पोचवायचा स्पीकरचा बॉक्स, न्यायला रिक्षा आणि सोबत माणूस लागायचा. हा 8 इंची, तीन चॅनलचा, म्हणजे तीन आवाज वेगवेगळे जोडता येणारा, 8 किलोचा, स्कूटरवर पायाशी मावतो, म्हणून तर मी लहान कार्यक्रम घ्यायला लागलो.

दुकानात मीपण आधी वॅटच विचारले. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो, कानाला जेमतेम कळतो, आणि खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा पीकचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. साठ-सत्तर माणसांच्या खळ्यात मला आवाज कधी अर्ध्याच्या वर न्यावा लागला नाही. त्यापेक्षा उंची बघा. जमिनीवर ठेवला की आवाज पहिल्या रांगेतच मुरतो, मागे पडवीत बसलेल्यांना शब्द कळत नाहीत. बॉक्सला खाली स्टँडसाठी 35 मिलीमीटरचं भोक आहे ना, ते बघूनच घ्या.

सगळ्यात जास्त त्रास शिट्टीचा झाला. देवळाचा सभामंडप, खाली लाद्या, वर पत्रा, आणि मला पण ऐकू यावं म्हणून बॉक्स मी पाठीमागे ठेवलेला, पेटीचा माइक उघडला की हूंऽऽ सुरू. आता बॉक्स माझ्या पुढे, डाव्या हाताला, तोंड लोकांकडे, पेटीचा माइक वीतभर अंतरावर आणि त्या चॅनलचा लो, म्हणजे खर्जाचा आवाज, बराच खाली. मला स्वतःला कमी ऐकू येतं पण शिट्टी गेली.

गणपतीत एका घरी आरती झाली, मी अभंग सुरू केला आणि लाइट गेली. पंखे थांबले, तानपुऱ्याचा सा मात्र तसाच चालू, उलट पंख्यांची घरघर गेल्यावर आवाज इतका स्वच्छ आला की मीच क्षणभर थबकलो. आजी अंधारातून म्हणाल्या, "थांबू नको रे झिला, म्हण." बॉक्सचे पैसे मला तिथेच वसूल झाले.

तानपुरा ब्लूटूथवर लावत असाल तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका आणि मग ब्लूटूथ परत चालू करा, नाहीतर आलेला कॉल सगळ्या मंडपात वाजतो. मी आता फोनपासून बॉक्सला साधी ऑक्स वायरच लावतो.

तक्रारी आहेत. बॅटरी 12 तास सांगितलेली, मला सहाच्या आसपास मिळते. खाऱ्या हवेने पाच महिन्यांत जाळीचे स्क्रू गंजले, एका माइकच्या सॉकेटला खरखर आली, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. पावसाळ्यात काम नसताना बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका, लिथियमची असेल तर निम्मी भरलेली ठेवा. नवीन बॅटरी मला कोल्हापूरहूनच मागवावी लागेल, तेव्हा घेतानाच तिची किंमत आणि किती दिवसांत मिळते ते विचारून घ्या.