पॅचच्या टेस्ट कोणी चालवायच्या, पाठवणाऱ्यानं की प्रोजेक्टनं?

आमच्या सोलापुरातल्या कोडिंगवाल्या पोरांत हा वाद कायम चालू असतो. एक पार्टी म्हणते ज्यानं पॅच, म्हणजे ओपन सोर्स प्रोजेक्टच्या कोडमधला बदल, केला त्यानंच टेस्ट चालवाव्यात, आणि ते काय चूक नाही, प्रोजेक्ट सांभाळणारा मेंटेनर बिचारा बऱ्याचदा फुकटात राबतोय, त्याच्या गळ्यात कंपाइल न होणारा कोड कशाला मारायचा. पण अख्ख्या टेस्ट? मे महिन्यात इथं पारा 42 च्या वर, 8 जीबीचा जुना लॅपटॉप, लिनक्स कर्नल (त्या सिस्टिमचा गाभा) बिल्डला लावला की फॅन बोंबलायला लागतो आणि मधेच लाइट गेली की झालं कल्याण. शिवाय आपल्याकडं इंटेलचं मशीन, एआरएमसारख्या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर काय फुटतंय ते कळणार कसं?

तिथं प्रोजेक्टचं सीआय, म्हणजे पॅच आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा, भारी पडतं. कर्नलसाठी इंटेलचा झिरो-डे रोबोट वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर बिल्ड करून बघतो, फुटलं की थेट मेल टाकतो. पण फुकटचं मशीन म्हटलं की चोर आलेच. गिटहब ॲक्शन्स या गिटहबच्या सीआयवर लोकांनी पुल रिक्वेस्टमधून (म्हणजे पॅच घ्या म्हणून पाठवलेल्या विनंतीतून) क्रिप्टो मायनिंग चालवलं, म्हणून 2021 पासून पब्लिक रेपोत (सगळ्यांना खुल्या कोडच्या साठ्यात) नवख्याच्या पॅचवर वर्कफ्लो, म्हणजे सीआयची कामं, चालायला मेंटेनरनं हो म्हणावं लागतं. म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात, बसा त्याचीच वाट बघत!

तरी माझं मत सीआयलाच. फक्त बदललेल्या भागापुरत्या टेस्ट तरी घरी चालवा की, एका सेमीकोलनसाठी सीआय लाल (म्हणजे नापास) करणारे बघितले की डोकं फिरतं. आणि बग फिक्स असेल तर सोबत नवी टेस्ट तुम्हीच लिहून पाठवा, ते मेंटेनरवर ढकलू नका.