पॉइंट २२ रायफलची नळी साफ करायला दोरी (बोअर स्नेक, नळीतून ओढायची ब्रशवाली दोरी) की रॉड?
रत्नागिरीत जुलैत कोयतासुद्धा दोन दिवसात तांबडा होतो, तर रायफलचं काय सांगू. मी दोन्ही वापरतो. आधी चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसायची जागा) रिकामं आहे ना ते बघा, मग पुढचं.

दोरी सोपी, चेंबरकडून घालायची आणि पुढून ओढायची, दोन मिनिटांत काम, रेंजवरून निघताना हीच बरी. पण ती न धुता वापरली की जुनाच कचरा परत नळीत फिरतो, आणि आत तुटली तर मग बसा काढत!

रॉडला वेळ लागतो, पण पांढरा पॅच (कापडाचा तुकडा) आत घातला की काळाकुट्ट बाहेर येतो ना, तेव्हा कळतं किती घाण होती. कोटिंगवाला एकसंध रॉड घ्या, तोही मागून घाला, पुढून घातलात तर नळीच्या तोंडाची कड घासते आणि नेम गेला.

काडतूस चेंबरमध्ये अडकायला लागलं की नळीला कशाला दोष द्यायचा, तिथे गोळ्यांवरचं मेण आणि काजळी साचलेली असते, ती दोरीने नीट निघत नाही, सॉल्व्हंट (घाण विरघळवणारं द्रव) आणि ब्रशच लागतो. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाचेत टूथब्रश मारा. तेल गन ऑइलच, अगदी पातळ हात, खोबरेल डोक्याला ठेवा.

पावसात फोमच्या केसमध्ये ठेवू नका, ओल धरतो. माझं मत रॉडलाच.