‘शंभर टक्के हर्बल’ म्हणून तळ्यात विष ओतायला लावलं

शहापूर-मुरबाडकडे ज्यांनी तळ्यात मासे सोडलेत, त्यांनी हे वाचाच. माझे ६५,७०० रुपये पाण्यात गेले.

रोहू-कटल्याला उवा लागल्या होत्या, आर्ग्युलस म्हणतात त्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एक जण उवांचं औषध घेऊन थेट तळ्यावर आला. कडुनिंब, लसूण, पपईच्या बिया, माशांना काडीचा अपाय नाही म्हणे. पाच लिटरचा कॅन ४,२०० रुपये, असे सहा, वर ‘पाणी तपासणी’चे १,५००. एकूण २६,७०० यूपीआयने. बिल नंतर पाठवतो म्हणाला. पक्कं बिल हातात पडल्याशिवाय रुपया सोडू नका.

पहिला कॅन उघडला तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. कडुनिंबाचा वास होता, पण त्याच्या मागून भेंडीवर मारतो त्या फवारणीचा उग्र दर्प आला. मी म्हटलं, “दादा, हे कीटकनाशकासारखं वाटतंय.” “अर्क कडक असतो, साहेब.” तिथेच त्याला हाकलायला हवं होतं. पण मासे रोज मरत होते, आणि कडुनिंब उवांवर चालतो हे खोटं नाही. कोणीही विश्वास ठेवला असता.

संध्याकाळी उवा गळाल्या, मला आनंद झाला. काठाला मात्र झिंगे उलटे पडले होते. उवा आणि झिंगे दोन्ही कवचधारी. सायपरमेथ्रीनसारखं कीटकनाशक आधी त्यांना मारतं, मग माशांना. कॅनमध्ये तसलंच काही होतं, माझी खात्री आहे. सकाळी ३०० किलो मासे तरंगत होते. १३० रुपये किलोने ३९,००० गेले. सगळे पुरले, एकही विकला नाही.

नवीन औषध आधी टबात, चार मासे आणि मूठभर झिंगे टाकून रात्रभर बघा.

पोलीस म्हणाले, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” मत्स्य कार्यालय म्हणालं, औषधांचं काम आमच्याकडे नाही, कृषीकडे जा. कृषीवाले म्हणाले, पिकाचं असेल तर बोला. नमुना तपासायला पत्र मागितलं, तर साहेब मीटिंगला ठाण्याला. ठाण्यात गेलो, तर अर्ज तालुक्यातूनच यायला हवा! तळं माझं, नुकसान माझं, आणि टेबलं मोजायची तीही मीच? या लोकांना पगार कशाचा मिळतो?

उवांची अंडी दगड-लाकडाला चिकटतात. तळ्यात बांबू रोवा, अंडी दिसली की काढून कडक उन्हात वाळवा. फुकट आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाका.

त्याचा नंबर आता बंद आहे. पांढरा कॅन, हिरवं झाकण, लेबलवर मासा आणि कडुनिंबाची डहाळी; बॅच नंबर नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. दिसला तर फोटो काढा आणि ग्रुपवर टाका.