टार्पेयोची प्रायर ऑथरायझेशन: गोळी सोपी, कागद अवघड

अमेरिकेत आयजीए नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजारावर टार्पेयो हे औषध लिहून दिलं की आधी विमा कंपनीची मंजुरी, म्हणजेच प्रायर ऑथरायझेशन. डोस साधा: ४ मिग्रॅच्या ४ कॅप्सूल, रोज सकाळी, ९ महिने. अर्ज मात्र किचकट. बायॉप्सीचा रिपोर्ट, लघवीतल्या प्रथिनांचं ताजं प्रमाण आणि लोसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी पूर्ण डोसमध्ये किती दिवस घेतली, त्याच्या तारखा. गाडी अडते ती बहुधा तारखांवरच. फाइलमध्ये नुसतं ‘लोसार्टन चालू’ असेल तर नकार आलाच म्हणून समजा. काही कंपन्या अजून लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण किमान १.५ ग्रॅम असण्याची अट धरून बसतात. औषध नियामक एफडीएच्या डिसेंबर २०२३ च्या पूर्ण मान्यतेनंतर ती औषधाच्या लेबलात नाही, हे डॉक्टरांच्या पत्रात हवंच. खासगी प्लॅनमध्ये अपिलाला १८० दिवस मिळतात. तातडीचं म्हटलं तर ७२ तासांत उत्तर. मंजुरी ६ महिन्यांचीच आली, तर पाचव्यातच पुन्हा अर्ज टाका.