ह्यूस्टनच्या अंगणात गुलमोहर की देवचाफा?
दोन्ही झाडं आपल्या गावाची आठवण देणारी, पण ह्यूस्टनच्या थंडीत दोघांची गत वेगळी. गुलमोहर मुळात मादागास्करचा. पारा शून्याखाली गेला की कोवळ्या फांद्या काळ्या पडतात. बुंध्यातून पुन्हा फुटला तरी फुलायला वर्षं जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये तर ह्यूस्टनमध्ये पारा उणे १० अंशांच्या आसपास उतरला होता.

गारठा देवचाफ्यालाही सोसत नाही, पण तो हिवाळ्यात पानं गाळून झोपतो. म्हणून कुंडी कडाक्याआधी गॅरेजमध्ये न्यावी आणि थंडी सरेपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवावं. ओल्या गार मातीत मुळं कुजतात. फांदी तोडून, चीक सुकू देऊन लावली तरी जगते, हा केवढा आधार! गुलमोहराची सावली कुंडीत मिळत नाही, हे खरं. तरी मी देवचाफाच लावेन.