‘बर्न-इन होऊ द्या सर’ : फोनो प्रीॲम्पच्या नावाखाली गेलेले ३५,१५०

आकडे आधी देतो. प्रीॲम्पचे (रेकॉर्डच्या सुईचा अशक्त सिग्नल वाढवणाऱ्या डब्याचे) २४,५००, कुरिअरचे ६५०, ‘खास’ केबल आणि ग्राउंडिंगच्या सेटचे ३,८००, वर वेगळ्या ‘लिनिअर’ पॉवर सप्लायचे ६,२००. बेरीज ३५,१५०. यातला एक छदामही परत आलेला नाही आणि येईल असं आता वाटतही नाही.

मी या नादात नवखा असतो तर एक वेळ समजू शकलो असतो. ओळखीत कुणालाही टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घ्यायचं झालं की फोन मला येतो. कार्ट्रिज (सुई असलेला तो छोटा तुकडा) बसवून देणं, तो धरणाऱ्या दांड्याचा, टोनआर्मचा भार दशांश ग्रॅमपर्यंत जुळवणं, हे सगळं लोक माझ्याकडून करून घेतात. त्यामुळे बरेच दिवस हा प्रकार कुणाला सांगितलाच नाही. डबा शेल्फवर तसाच ठेवला होता, दिवे लागलेला. येणारे-जाणारे म्हणायचे, ‘वा, काय सुंदर दिसतोय!’ मी म्हणायचो, ‘हो ना.’

झालं असं की माझा जुना ॲम्प्लिफायर गेला. त्याला फोनो इनपुट होता, नव्याला नाही. टर्नटेबलमध्येही आतला प्रीॲम्प नाही. म्हणजे वेगळा घेणं आलंच. ज्यांनी कधी सुई आणि ॲम्प्लिफायरच्या मधल्या या डब्याचा विचार केला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. साध्या एमएम (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजमधून निघतात जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट. ते शंभरेक पट वाढवायचे, म्हणजे ४० डेसिबल (डीबी). एमसी (हलत्या कॉइलचं) कार्ट्रिज असेल तर मुळातच ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास, तिथे हजार पट, ६० डीबी. पण नुसतं वाढवून भागत नाही. रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. १९५४ मध्ये ठरलेला, आरआयएए म्हणतात तो हा हिशेब, आणि प्रीॲम्पने तो बरोबर उलटा करायचा असतो. २० हर्ट्झला साधारण २० डीबी वर, २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढंच खाली. हे काम मोजक्या रेझिस्टर-कपॅसिटरवर चालतं आणि ते सुटे भाग डाव्या-उजव्या चॅनलला एकसारखे नसले तर गाणं एका बाजूला कललेलं वाटतं. हा शेवटचा मुद्दा पुढे लागणार आहे.

मला पुढेमागे एमसी कार्ट्रिज लावायचं होतं, म्हणून दोन्ही चालणारा प्रीॲम्प हवा होता. एका साइटवरच्या जाहिरातीत नेमका तोच होता. लाकडी बाजू, जाड ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग, वर नारिंगी उजेडात दोन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), मागे एमएम-एमसीचा खटका आणि शेजारी कार्ट्रिजशी जुळवून घ्यायच्या बारीक पांढऱ्या स्विचांची रांग: ४७ किलोओहम, १ किलोओहम, १०० ओहम, आणि १०० नि २०० पिकोफॅरड. ‘हाताने बनवलेला, मागणीनुसार.’

विकणारा बोलायला लागला आणि मी पुरता गळाला लागलो. त्याने मला विचारलं काय, तर टोनआर्मच्या वायरीची कपॅसिटन्स किती! सांगा, जो माणूस हे विचारतो त्याच्यावर संशय घ्यायचा कुणी? चाळीस दुकानदार पालथे घातले तरी एक हे विचारणार नाही. मग हळूच म्हणाला, साइट कमिशन फार कापते, थेट पाठवलंत तर दोघांचा फायदा. १०,००० आगाऊ, उरलेले १४,५०० माल निघण्याआधी. हो, कळतंय मला तुम्ही काय म्हणणार ते. पण हाताने ऑडिओची यंत्रं बनवणारे खरे कारागीरही आगाऊ पैसे घेऊनच काम करतात. सुटे भाग त्यांना आधी विकत घ्यावे लागतात. याआधी एकाकडून स्पीकरचे क्रॉसओव्हर मी असेच करून घेतले होते, कुठे काही बिनसलं नव्हतं. तरीही सांगतो, साइटच्या बाहेर पैसे पाठवायचे नाहीत. दोघांचा फायदा वगैरे काही नसतं.

डबा आला तो चांगला जड. वायरी जोडल्या, ग्राउंडची वायर आवळली, आवाज शून्यावर ठेवून ॲम्प्लिफायर सुरू केला, रेकॉर्ड लावली, सुई टेकवली. मग प्रीॲम्पचा खटका दाबला आणि आवाजाची मूठ थोडी फिरवली.

गाणं त्याच क्षणी सुरू झालं.

हा क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय चालत नाही हो! आतला हीटर लाल व्हायला, कॅथोड गरम व्हायला वेळ लागतो. दहा-पंधरा सेकंद तर शांतता असायलाच हवी, कधी अर्धा मिनिटही जातो. हळूहळू आवाज वर येतो. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी लावलाय त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही, आणि मी तर असले रेडिओ उघडून दुरुस्त केलेले आहेत. इथे खटका दाबला आणि गाणं हजर, नारिंगी उजेडही त्याच झटक्यात पूर्ण. बल्बसारखा. मला दिसलं, ऐकू आलं, आणि मी काय केलं? डोळे मिटून खुर्चीत मागे टेकलो. इतक्या दिवसांनी घरात रेकॉर्ड वाजत होती, त्या आनंदात असलं कोण मोजत बसतं! तासाभराने काचेवर बोट ठेवलं तर कोमटसुद्धा नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘लो-व्होल्टेज डिझाइन आहे सर, म्हणून थंड चालतात.’ कमी व्होल्टेजवर चालवलेल्या व्हॉल्व्हचाही हीटर तापतोच, त्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. पण उत्तर इतकं झटपट आलं की खरंच वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याचा मेसेज, ‘सर, दोन ओळी लिहून पाठवा कसं वाटलं ते. पुढच्या खरेदीवर ५०० सूट.’ पाठवल्या. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी.

दोन-चार दिवसांत कानाला खटकायला लागलं. शांत जागी घूंऽऽ असा आवाज, खर्ज अशक्त, आणि गाणारा मधोमध उभा राहायच्या ऐवजी उजवीकडे सरकलेला. कार्ट्रिजच्या वायरी डाव्या-उजव्या बदलून पाहिल्या, तरी गाणारा उजवीकडेच. म्हणजे दोष कार्ट्रिजचा नाही. हे मी त्याला लिहून कळवलं. त्यावर जे उत्तर आलं ते पाठ करून ठेवा, कारण सगळी मेख त्यातच आहे: ‘सर, घाई करू नका. कपॅसिटर अजून बसलेले नाहीत. दोनशे तास बर्न-इन होऊ द्या, मग बोला.’

माल परत घ्यायची मुदत होती पंधरा दिवस. रोज तीन तास रेकॉर्डी लावल्या तरी दोनशे तासांना दोन महिने लागतात. हा हिशेब तिसरीतलं पोर करेल. मी केला नाही, कारण ‘बर्न-इन’ (नवं यंत्र वाजवत ठेवून मुरवणं) हा शब्द या छंदात सगळेच वापरतात, भलेभले वापरतात. यंत्र गरम होऊन स्थिरावायला काही मिनिटं लागतात हे खरं आहे. नवा कपॅसिटर सुरुवातीला थोडा बदलतो हेही मान्य. पण दोन चॅनलमधला फरक दोनशे तास काय, दोन हजार तास वाजवूनही भरून निघत नाही. मुदत पंधरा दिवसांची असेल तर निकालही पंधरा दिवसांतच लावायचा. विकणारा ‘थांबा’ म्हणाला की त्याच दिवशी परत पाठवायचं.

त्या थांबण्यातच त्याने आणखी दोनदा हात मारला. घूं आवाजासाठी केबल आणि ग्राउंडिंगचा सेट, ४,३०० चा, माझ्या दोन ओळींची ५०० सूट वजा जाता ३,८००. घूं तसाच. मग म्हणे अडॅप्टर कमी पडतोय, ६,२०० चा पॉवर सप्लाय घ्या. घूं थोडा कमी झाला, तोही मी प्रीॲम्प ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवला म्हणून. ते फुकटात झालं असतं.

एमसीचा खटका तर मी मुद्दाम दाबून पाहिला. एमएमवरून एमसीवर नेला की आवाज धाडकन वाढला पाहिजे, २० डीबी म्हणजे दहापट व्होल्टेज. (हे करताना मूठ आधी खाली आणा, नाहीतर स्पीकर जाईल.) इथे ढिम्म. तो म्हणाला, ‘ऑटो-गेन आहे सर, कार्ट्रिज ओळखून घेतो.’ आता यावर हसणाऱ्यांना सांगतो, करंट-इंजेक्शन पद्धतीचे एमसी प्रीॲम्प असतात, त्यांचा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कार्ट्रिजच्या आतल्या रेझिस्टन्सनुसार खरोखर बदलतो. मी ते वाचलेलं होतं. अजिबात न वाचलेला माणूस कदाचित सुटला असता!

मुदत संपून बरेच दिवस झाल्यावर एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्रासमोर डबा उघडला. दोन्ही व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या मध्यभागी खालून एकेक नारिंगी एलईडी. व्हॉल्व्हच्या नऊच्या नऊ पिना नुसत्या खोचलेल्या, एकीलाही वायर नाही. सगळं काम एक आठ पायांची चिप करत होती आणि तिच्यावरचं नाव घासून काढलेलं. एमसीच्या खटक्याला मागून काहीच जोडलेलं नाही, कोरडा. त्या पांढऱ्या स्विचांची रांग बोर्डावर नीट डाग देऊन बसवलेली, पण खाली तांब्याची एक रेघ नाही. ती कुठेही जात नव्हती. मित्राने मीटर लावून आरआयएएचे कपॅसिटर मोजले तर डाव्या-उजव्यात दहा टक्क्यांच्या वर तफावत. आणि तो भारदस्त जडपणा? तळाशी दुहेरी टेपने चिकटवलेली लोखंडी पट्टी. मित्र हसला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

यानंतर सुरू झाला तक्रारींचा फेरा. साइट म्हणाली, पैसे आमच्यातून गेले नाहीत, आमचा संबंध नाही. जाहिरात मात्र त्यांच्याच पानावर, ती काढा म्हटलं तर ‘आपली सूचना नोंदवली आहे’. बँकेतली बाई म्हणाली, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना? पिन तुम्हीच टाकलात ना? मग ही चोरी होत नाही.’ पोलिसांत गेलो. साहेबांनी डबा टेबलावर ठेवायला लावला, सुरू करायला सांगितला.

‘दिवे लागतायत की.’

‘साहेब, तेच तर. नुसते दिवेच आहेत.’

‘आवाज येतो का?’

‘येतो, पण...’

‘येतो ना? मग फसवणूक कसली? वस्तू मिळाली, चालू आहे. हा तुमचा आपसातला वाद.’

शेजारच्या हवालदारांनी विचारलं, रेकॉर्डी अजून मिळतात का. मी त्यांना मिळतात म्हणून सांगितलं. तेवढीच काय ती माझ्या अर्जावरची चौकशी.

ग्राहकांच्या तक्रारीसाठीचा फॉर्म भरायला बसलो. वस्तूचा प्रकार निवडायचा: मोबाइल, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, इतर. ‘इतर’ निवडलं. विक्रेत्याचा नोंदणीकृत पत्ता हवा, माझ्याकडे पार्सलवरचा अर्धवट पत्ता. बिल हवं, माझ्याकडे ‘आभारी आहोत’ लिहिलेली चिठ्ठी. तरी सगळं जोडून पाठवलं. उत्तर आलं, वस्तू सदोष असल्याचा अधिकृत सेवा केंद्राचा अहवाल सादर करावा. अहो, हाताने बनवलेल्या डब्याचं सेवा केंद्र म्हणजे तो बनवणाराच! ज्याने लुबाडलं त्याच्याकडूनच दाखला आणायचा? हे मी फोनवर विचारलं तर पलीकडची व्यक्ती शांतपणे म्हणाली, ‘नियम तसा आहे.’ मग वाट पाहा, मग क्रमांक सांगा, मग हा विभाग नाही तो विभाग. इतकं करून तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला, कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं ‘निराकरण झाले’. कुणाचं निराकरण झालं ते लिहिलेलं नाही.

आणि विक्रेता? त्याला आतले फोटो पाठवले. म्हणाला, सील तुम्ही तोडलंत, आतले भाग तुम्ही बदलले नाहीत कशावरून? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उघडताना व्हिडिओ काढलेला नव्हता. तुम्ही काढा. पार्सल फोडल्यापासून स्क्रू काढेपर्यंत सलग, मध्ये न थांबवता. पैसे द्यायच्या आधीच आतला फोटो मागा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा. खरा कारागीर तो अभिमानाने पाठवतो. जडपणावर जाऊ नका, तळाशी नुसती लोखंडी पट्टीही असू शकते. आणि तुमच्या टर्नटेबललाच आत प्रीॲम्प असेल तर मागचा फोनो-लाइनचा खटका लाइनवर टाकून नव्या डब्याशी तुलना करा. मात्र नवा डबा लावताना तो खटका फोनोवर आणायला विसरू नका, नाहीतर दोन प्रीॲम्प एकापुढे एक लागून सगळं फाटकं ऐकू येईल आणि चांगला डबाही वाईट ठरेल.

ती जाहिरात आजही चालू आहे. वर नारिंगी उजेडातले दोन व्हॉल्व्ह, खाली ‘जाणकार ग्राहकाचा अभिप्राय’ म्हणून दोन ओळी: ‘व्हॉल्व्हची ऊब पहिल्या सुरापासून जाणवते. इतका मोकळा आवाज आजवर ऐकला नव्हता.’ त्या ओळी माझ्या आहेत, ५०० च्या सुटीसाठी पहिल्या संध्याकाळी लिहिलेल्या. काढून टाक म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, अभिप्राय खरा आहे ना, मग राहू दे. कुठे वाचनात आल्या तर पुढे जाऊ नका, पान बंद करा.