पायऱ्यांचा रंगमंच की मोकळं अंगण?

छोट्या बागेत कार्यक्रमांसाठी जागा करायची ठरली, की नकाशावर सगळ्यात आधी अर्धगोल उमटतो: खाली पक्कं व्यासपीठ, समोर चढत गेलेल्या पायऱ्या. दुसरा पर्याय कागदावर अगदीच साधा दिसतो. सपाट मोकळं अंगण, कडेने झाडं, सुट्या खुर्च्या आणि लागेल तेव्हा मांडायचं व्यासपीठ. आमच्या बागेच्या वेळी बैठकीत बहुतेकांचा कल पायऱ्यांकडे होता. सुरुवातीला माझाही.

पायऱ्यांचे गुण खोटे नाहीत. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसतं, खुर्च्या आणायच्या-न्यायच्या नसतात आणि एरवीही दोघं-तिघं गप्पा मारत बसतात. ग्रीसमधलं एपिडॉरसचं प्रेक्षागृह इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं, तिथे आजही नाटकं होतात. पण त्याला डोंगराचा उतार आयता मिळालेला आहे. सपाट प्लॉटवर तो उतार खोदून तरी काढावा लागतो किंवा भर घालून तरी उभा करावा लागतो. खोदलात, तर सगळ्यात खोल जागा नेमकी व्यासपीठापुढची. जाळीवर पाला अडकला की तिथे पाणी साचलंच. अर्थात रोज जाळी साफ करणारं कुणी असेल तर हे निभावतं.

माझं मन फिरलं ते उन्हामुळे. अशाच एका बागेत मुलांचा नाच बघायला गेलो होतो. कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचचा. फाटक पूर्वेला, म्हणून व्यासपीठ पश्चिमेला, आणि सूर्य बरोबर त्याच्या डोक्यावर. मुलांचे चेहरे दिसतच नव्हते, नुसत्या काळ्या आकृत्या हलत होत्या. माझ्या शेजारच्या आजी कार्यक्रमपत्रिका कपाळाला लावून बसल्या होत्या. हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायच्या. मधल्या चार पायऱ्या रिकाम्या आणि सगळी माणसं डावीकडच्या झाडाच्या सावलीत दाटीवाटीने, जिथून व्यासपीठ तिरकंच दिसत होतं. ऊन उतरलं तोवर लहान गटाचे नाच संपले होते. त्या आजींची नात त्याच गटात होती.

व्यासपीठ समोरच्या बाजूला असतं, तर तेच ऊन मुलांच्या डोळ्यांत गेलं असतं. उत्तर-दक्षिण मांडणी त्यातल्या त्यात बरी, हे खरं. पण लहान प्लॉटमध्ये दिशा आपण ठरवत नाही. फाटक, रस्ता, शेजारची भिंत आणि एखादं जुनं झाड ठरवतं. त्यात मावळतीची जागाही वर्षभर एक राहत नाही. अगदी विषुववृत्तावरसुद्धा ती सुमारे ४७ अंश सरकते, तिथून दूर जावं तशी आणखी. काँक्रीटचं व्यासपीठ मात्र एकदा जिकडे तोंड करून बसलं, तिकडेच बसलं.

अंगणात हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. व्यासपीठ फिरवायचं, खुर्च्या वळवायच्या. न्यूयॉर्कचं पेली पार्क १९६७ साली सुरू झालं, जेमतेम ३९० चौरस मीटरचं, पण खुर्च्या सुट्या. विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात त्या शहरातल्या अशा जागांचं चित्रीकरण करून लोक कसे वावरतात ते पाहिलं. माणसं बसण्याआधी खुर्ची थोडीशी सरकवतात, मग ती जागा जवळपास आधीचीच का असेना, हे त्यांनी नोंदवलं. आमच्या बागेत मी हेच रोज बघतो. शिवाय दोनशे माणसांच्या पायऱ्यांवर पंचवीसजण आले तर हरवल्यासारखे दिसतात. अंगणात तेवढेच लोक खुर्च्यांचं कडं करतात आणि कवितावाचन रंगतं.

अंगणाची दुखणी आहेतच. सातव्या-आठव्या ओळीमागच्या मुलांना काही दिसत नाही. खुर्च्यांना खोली लागते आणि त्या मांडायला-उचलायला माणसं लागतात. हे काम दर वेळी त्याच चौघांवर पडतं. हिरवळ मधोमध तुडवली जाते. आम्ही ६० सेंटिमीटर उंचीचं सुटं व्यासपीठ केलं, एका कडेला बुटका मातीचा उंचवटा ठेवला आणि मधे बारीक खडी दाबून बसवली. चाकाच्या खुर्चीसाठी मात्र फरशीचा पट्टा हवाच, खडीत चाक रुततं. जमिनीला शंभरात एक-दोनचा उतार दिला की पाणी निघून जातं आणि डोळ्यांना ती सपाटच वाटते. कारंजं घेतलंत तर बंद करता येईल असं घ्या. पेलीच्या धबधब्यात रहदारीचा आवाज बुडतो, तसा निवेदकाचाही बुडेल.

जमिनीला मुळातच उतार असेल आणि तुमचे कार्यक्रम अंधार पडल्यावरच होत असतील, तर पायऱ्या जरूर करा. तिथे माझा आग्रह नाही. सपाट जागा आणि संध्याकाळचे कार्यक्रम असतील, तर मी अंगणच सुचवीन. फक्त विजेचे पॉइंट आणि खांब रोवायच्या नळ्या दोन बाजूंना, जमीन पक्की करण्याआधीच बसवून घ्या. आमच्याकडे मावळती दक्षिणेला झुकली की व्यासपीठ उत्तरेच्या भिंतीपाशी लागतं, उत्तरेला झुकली की दक्षिणेच्या झाडाखाली. दोन्हीकडे ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर येतं.